वालुयोचा कणा आणि म्बाह कार्तोंची टोपी

ज्याच्या दारी राजा आणि रखवालदार या दोघांचीही कपाळे एकाच चटईला टेकतात, आणि एकदा टेकली की कोणाचे उंच नि कोणाचे खालचे हे मुंगीलाही सांगता येत नाही, त्या दयाघनाला आधी नमस्कार असो. कारण आजची कथा डोक्यांची आहे, डोक्यांच्या उंचीची आहे. ज्या जिवाने जन्मापासून आपले डोके इतरांच्या डोक्यांहून खाली ठेवण्यातच धन्यता मानली, आणि त्याच पायी एके दिवशी जो हातचा घास गमावून बसणार होता, त्या वालुयोची ही कथा आहे.

आमचे गाव कारांगसारी. गुनुंगकिदुलच्या चुनखडीच्या डोंगरांत ते असे बसले आहे, की देवाच्या खिशातून चुकून पडावे आणि त्याने 'राहू दे तिथेच' म्हणावे. येथे पिकतो तो कसावा, आणि उगवतात ती माणसे. त्यांतला कसावा तेवढा गावात राहतो. माणसे जाकार्ताला जातात, समुद्रापलीकडे जातात, आणि ईदेला भेटवस्तू घेऊन चार दिवस परत येतात.

वालुयोची आई तो रांगत असतानाच देवाघरी गेली. बाप कालिमान्तानच्या तेलताडाच्या मळ्यात कामाला गेला आणि तिकडेच त्याने दुसरे घर मांडले. मागे उरली आईची थोरली बहीण, बुदे तुमिनी. हिने तरुणपणी जोग्याकार्ताच्या एका सरदारघराण्याच्या मुदपाकखान्यात चाकरी केली होती. तिथे धनी बसलेले असले की चहाचे तबक उकिडव्यानेच सरकत सरकत न्यायचे, पाठ दाखवायची नाही, आवाज चढवायचा नाही. चाकरी सुटली, सरदार गेले, वाडा विकला गेला. पण बुदेचे गुडघे काही सरळ झाले नाहीत. हे सारे वळण तिने त्या पोरक्या लेकराच्या तोंडी भाताच्या पेजेबरोबर घातले.

आता, वडीलधाऱ्यांसमोरून जाताना वाकावे, उजवा हात खाली सोडावा आणि 'नुवुन सेवू', म्हणजे हजार वेळा क्षमा असावी, असे म्हणावे, ही आम्हा सर्वांचीच रीत. त्यात नवल ते काय? पण आम्ही हजार क्षमा तोंडाने मागतो आणि मनात एकही मोजत नाही. वालुयो मात्र हजारच्या हजार पोचत्या करणारा. तो म्हाताऱ्या बदकालाही वाट विचारून पुढे जाई. एकदा बुदेने त्याला नारळ काढायला झाडावर चढवले. वर पोचल्यावर त्याच्या ध्यानात आले, की आपले डोके आता अख्ख्या गावाच्या डोक्यांहून उंच झाले आहे. मग त्याने शेंड्यावरूनच एकेका घराची क्षमा मागायला आरंभ केला, तोही वडीलकीच्या क्रमाने. मशिदीच्या आळीपर्यंत येईतो संध्याकाळ झाली, आणि नारळ झाडावरच राहिले.

असा नम्र मनुष्य संतमंडळीत शोभतो, बाजारात नाही. गवंड्याने त्याला हाताखाली घेतले, पण मिस्त्री खाली आणि आपण परांचीवर, हे त्याला सोसेना. नूडल्सच्या गाडीवर राहिला, तर वयस्क गिऱ्हाइकाकडे तो पैसेच मागेना. ते आपण होऊन देतील तेव्हा देतील, म्हणून हात बांधून उभा राही. मालक म्हणाला, "पोरा, तुझ्यासारखा सज्जन मला आयुष्यात भेटला नाही. उद्यापासून येऊ नकोस."

वालुयो म्हणाला, "इंगिह."

इंगिह म्हणजे होय, आपली आज्ञा. वडिलांसमोर देण्याचे दुसरे उत्तर त्याच्या जिभेवर उगवलेच नव्हते.

अशात गावात सरकार अवतरले. गरीब घरच्या, शाळा सुटलेल्या, कोणी नसलेल्या मुलांना हातचे काम शिकवायचे अशी ती योजना होती. आधी फलक आला, तो चावडीहून लांब निघाला, म्हणून त्याचे एक टोक शेजारच्या फणसाला बांधले. मग भाषणे आली. भाषणांच्या दोन दिवसांत मुलांना एवढेच कळले, की राष्ट्राचे भवितव्य त्यांच्या हाती आहे आणि दुपारचे जेवण डब्यातून मिळणार आहे. भवितव्याविषयी कोणी फारसे विचारले नाही. डब्यात सोयाबीनचे तेंपे आहे की अंडे, याची चौकशी मात्र कसून झाली. पण या थट्टेवर जाऊ नका, मायबापहो. ज्याला कोणी कधी 'ये' म्हटले नाही, त्याला सरकारच्या तोंडून का होईना, पण 'ये' ऐकू येणे ही लहान गोष्ट नव्हे.

वर्ग होता केशकर्तनाचा. कारण गावचे जुने न्हावी म्बाह सार्दी, म्हणजे सार्दीआजोबा, वारल्यापासून कारांगसारीतली डोकी अशी वाढली होती, की पाहुण्याला वाटावे गावाने काही नवस बोलला आहे. शिकवायला आल्या जोग्याकार्ताच्या बाई, बू रेत्नो. तिथे त्यांचे स्वतःचे दुकान, आवाज घंटेसारखा आणि अंतःकरण लोण्याचे. पण ते लोणी फडताळात वर ठेवलेले असायचे.

पहिले काही आठवडे मुलांनी प्लास्टिकच्या डोक्यांवर हात बसवला. आणि काय सांगू? वालुयोची कात्री चालू लागली की भातावरून वारा गेल्यासारखी चाले. बू रेत्नो हरखल्या. म्हणाल्या, "कुठं होतास रे इतके दिवस?"

"नूडल्सच्या गाडीवर, बू," वालुयो म्हणाला. विचारले, म्हणून सांगितले.

मग प्लास्टिक सरले आणि खरी डोकी आली. मुलांनी एकमेकांचे केस कापायचे. वालुयोपुढे पहिला बसला तो त्याच्याहून थोरला निघाला. वालुयो दोन्ही हात जोडून म्हणाला, "नुवुन सेवू, मास," म्हणजे दादा, "जन्म कोणत्या साली?" साल ऐकले, आणि गुडघ्यात थोडा वाकून त्याने कात्री धरली. दुसरा आणखी थोरला, तर तो आणखी वाकला. तिसरा वयाने लहान निघाला तेव्हा तो ताठ उभा राहिला, आणि त्या मुलाचे केस असे काही कापले गेले, की त्याची आई त्याला ओळखेना, मग ओळखून रडली.

बू रेत्नो दारात उभ्या राहून हे पाहत होत्या. म्हणाल्या, "तुझ्या कण्याकडं बघून माणसाचं वय सांगता येईल रे. हे न्हाव्याचं दुकान आहे की शिरगणती?"

"चुकलं, बू."

"चुकलं म्हणतोस आणि परत वाकतोस. अरे, डोकं वरून दिसतं. झाडावरचं फळ खाली बसून सोलतोस का?"

"इंगिह, बू."

"इंगिह काय? सोलतोस?"

"आपण म्हणाल तसं, बू."

बू रेत्नोंनी डोक्याला हात लावला. तो मात्र स्वतःच्याच.

इकडे घरी निराळेच वारे वाहत होते. कालिमान्तानहून काकाचा निरोप आला होता: मळ्यात घड तोडणाऱ्यांच्या टोळीत एक जागा आहे, येत्या शुक्रवारच्या बोटीने ये, गावात काही जमले असेल तरच राहा. जमणे म्हणजे काय, तर ही परीक्षा. उत्तीर्ण होणाऱ्याला सरकारी दाखला मिळायचा, त्याबरोबर कात्र्या, यंत्र, आरसा आणि खुर्ची मिळायची. तेवढे हाती आले की बाजाराच्या वडाखाली म्बाह सार्दींची रिकामी जागा होतीच. नाही मिळाले, तर शुक्रवारी बोट. आणि बोटीवर चढून गेलेले या घरातले आधीचे माणूस कसे परतले, ते बुदेला ठाऊक होते.

बुदेच्या डोळ्यांत आता पडदा उतरला होता. सुईत दोरा वालुयो ओवून देई, चुलीजवळचे काटेकुटे वालुयो वेचून ठेवी. पण ती काय म्हणाली असेल? "जा हो. तिकडं पगार चांगला. माझं काय, माझ्याजवळ कोंबड्या आहेत." रोज सकाळी ती त्याची पिशवी भरी आणि रोज रात्री 'कपडे दमट लागताहेत' म्हणून रिकामी करी. वालुयो सारे पाही आणि इंगिह म्हणे. दोघेही एकमेकांना एवढे जपत होते, की मनातली गोष्ट त्या दोघांच्या मधोमध उपाशी बसली होती आणि तिला कोणी वाढत नव्हते.

परीक्षेचा दिवस उजाडला. नियम असा, की ज्याने त्याने आपले डोके, म्हणजे केस वाढलेला माणूस, आपणच आणायचा. वालुयोने शेजारच्या जुमादीला सांगून ठेवले होते. जुमादी त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. म्हणजे कण्याला धोका नाही. पण पहाटे जुमादी आला तो चकचकीत गोटा करून. सोलोला बिस्किटांच्या कारखान्यात मुलाखतीचे बोलावणे आले, म्हणून आईने घाईघाईने वस्तऱ्याखाली बसवला होता.

वालुयो चव्हाट्यावर उभा राहिला. समोरून म्बाह कार्तो येत होते. पूर्वीचे गावप्रमुख, ऐंशीच्या घरातले, कारांगसारीतले सर्वांत वडील आणि सर्वांत मानाचे डोके. त्या डोक्यावर काळी मखमली टोपी, एका हातात काठी नि दुसऱ्या हातात छत्री. गावात भांडण झाले तर म्हाताऱ्याने नुसते खाकरावे, की दोन्ही पक्ष आपापल्या घरी.

"काय रे ले, पोरा, बाभळीखाली बैल उभा राहावा तसा का उभा?"

वालुयोने जमिनीकडे पाहत सारे सांगितले.

म्हाताऱ्याने टोपी किंचित वर केली. आतून पांढरे केस कापसाच्या बोंडासारखे बाहेर आले. "सार्दी गेल्यापासून कुणाला हात लावू दिला नाही. चल, माझं डोकं घे."

आता येथे कोणीही शहाणा काय म्हणाला असता? 'नको म्बाह, आपल्याला त्रास.' पण नको म्हणायचे तर वडिलांना नको म्हणावे लागते. वालुयो घामाने न्हाला, कमरेत वाकला आणि म्हणाला, "इंगिह."

परीक्षक साहेब प्रांताच्या शहरातून आले होते, पाक सुबेक्ती. कडक इस्त्री, कडक मिशी, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी वेळ लावली आणि साऱ्यांच्या कात्र्या चालू झाल्या. वालुयोची तेवढी चालेना. म्बाह कार्तो सरकारी खुर्चीत टोपीसकट बसलेले, आणि वालुयो पाठीमागे उकिडवा. त्याने हात जोडले, हजार क्षमा मागितली. मग टोपीच्या काठाखाली जेवढे केस दिसत होते तेवढ्यांना, कात्री उंच धरून, खालून हात घातला.

बू रेत्नोंना शिकवायला मनाई होती. परीक्षेत गुरूने बोलायचे नसते. पण खुर्चीला पायाचे पॅडल आहे आणि पॅडलला कान नसतात. त्या सहज फिरत आल्या आणि पायाने खुर्ची खाली केली. म्हाताऱ्याचे डोके खाली आले, तसा वालुयो गुडघ्यांवर गेला. त्यांनी आणखी खाली केली; वालुयो मांडी घालून बसला. खुर्ची पार तळाला टेकली. वालुयो एका कोपरावर रेलला. खुर्ची खाली, वालुयो खाली. म्हातारा उतरे, शिष्य उतरे. जणू दोघेजण एकाच विहिरीत दोन पोहऱ्यांनी जात होते. खुर्चीला तळ होता. नम्रतेला नव्हता.

खिडकीत गाव जमले होते. कोणी तरी म्हणाले, "आता जमीन खणावी लागणार."

"फावडं आणू का?" दुसऱ्याने विचारले. "की तेही सरकारच देणार?"

पाक सुबेक्ती आले, वाकून पाहू लागले. "हा उमेदवार कुठाय?"

"नुवुन सेवू, इथं, पाक," खुर्चीच्या पायाशेजारून आवाज आला.

"तिथं काय करतोस?"

"केस कापतोय, पाक."

पाक सुबेक्तींनी म्हाताऱ्याच्या मानेकडे पाहिले. खालचे केस पार उडालेले, वरचे टोपीखाली जसेच्या तसे. अर्धवट सोललेला नारळ असावा आणि सोलणाऱ्याला मध्येच हाक आलेली असावी, तसे ते डोके दिसत होते. त्यांची मिशी हलली. पण कर्तव्य म्हणून त्यांनी ती थांबवली.

बुदे तुमिनीला खिडकीतून काही नीट दिसत नव्हते. शेजारणीने कानाशी लागून वर्णन सांगितले, तशी ती गोरीमोरी झाली. चावडीच्या दाराशी येऊन, अर्थात वाकून, हलकेच म्हणाली, "ले, नीट कर ना रे."

बू रेत्नोंना आता राहवले नाही. परीक्षेतल्या मुलाशी बोलायची मनाई होती, त्याच्या मावशीशी नव्हती. "बुदे, वळण छान लावलंत हो. वाकायचं शिकवलंत. उठायचं कधी शिकवणार होतात?"

बुदेने तोंडाला पदर लावला. मग ती जे बोलली ते तिलाच नवे होते. "मला कुणी शिकवलंच नाही हो ते, बू."

लोण्याचे फडताळ उघडले; बू रेत्नोंनी तिचा हात धरून तिला बाकावर बसवले.

आणि म्बाह कार्तो, ज्यांना लोक वयामुळे अर्धे बहिरे समजत, ते खाकरले. गाव सवयीने घरी निघाले होते, पण म्हातारा म्हणाला, "थांबा." मग खुर्चीच्या पायाकडे पाहत विचारले, "काय रे ले, तू घाबरतोस कुणाला? मला?"

"आपल्याला नाही, म्बाह. आपल्या मानाला."

"आणि तो असतो कुठं?"

वालुयोचे डोळे टोपीवर गेले.

"हां," म्हातारा म्हणाला. त्याने दोन्ही हातांनी टोपी काढून बू रेत्नोंच्या हाती दिली. समोरच्या भिंतीवर आरशाच्या वर, पूर्वी कधी घड्याळ टांगलेला एक खिळा होता. "ती तिथं ठेवा, बू. वर. आणखी वर. हां. काय रे ले, माझा मान आता तुझ्यापेक्षा उंच आहे की नाही? तू कितीही उभा राहिलास तरी त्याला शिवत नाहीस. त्याला नमस्कार कर, हजार क्षमा माग. आणि हे खाली उरलंय ना, हे नुसतं डोकं आहे. खाजतंय. हे काप."

मायबापहो, मोठ्या मोठ्या मठांत जे सांगून उमजत नाही ते एका म्हाताऱ्याने खिळ्यावर टांगून दाखवले. माणसाला देवाने डोके दिले आणि माणसाने त्यावर मान चढवला. चढवला तो चढवला, त्याला हरकत नाही, मान गोड आहे. पण तो उतरवता आला पाहिजे, एवढेच. त्या सर्वसाक्षीच्या दारात शिरताना आपण काय वेगळे करतो?

वालुयोने टोपीसमोर हात जोडले. मग तो उठला. आधी गुडघे उठले, मग कंबर, मग पाठ, आणि सर्वांत शेवटी मान. आम्ही त्याला एवढ्या लहानपणापासून पाहत होतो, पण तो एवढा उंच आहे हे आम्हाला त्या दिवशी कळले. बुदेने शेजारणीला विचारले, "कोण उभं आहे ते?"

"तुमचाच की हो," शेजारीण म्हणाली.

कात्री चालू लागली. भातावरून वारा जावा तशी. खालचा उघडा पडलेला भाग त्याने वरच्या केसांशी असा हळूहळू मिळवत आणला, की चूक कोठे संपली आणि कसब कोठे सुरू झाले ते ओळखू येईना. पांढरी बोंडे चादरीवर झरत होती. म्हाताऱ्याने डोळे मिटले. उजवी बाजू झाली, मागची झाली, डावीकडे कात्री वळली, आणि पाक सुबेक्तींनी टाळी वाजवली.

"वेळ संपली. कात्र्या खाली."

साऱ्यांनी कात्र्या ठेवल्या. पाक सुबेक्ती वालुयोजवळ आले, डाव्या कानावरचे लोंबते केस पाहिले आणि खेदाने म्हणाले, "अजून नाही."

आमच्याकडे नापास असे कोणी होत नाही. 'अजून नाही' होतो. ऐंशी वर्षांच्या ब्रह्मचाऱ्याला लग्न झाले का विचारले तरी तो 'अजून नाही' म्हणतो. या शब्दाएवढा मऊ नकार जगात दुसरा नाही. पण शुक्रवारच्या बोटीला तो मऊपणा समजणार नव्हता. बुदे बाकावरून उठली. घरी जाऊन पिशवी भरायची होती, आणि या वेळी ती रिकामी करायची नव्हती.

"चल, कात्री ठेव," पाक सुबेक्ती म्हणाले.

साऱ्या गावाला ठाऊक होते वालुयो काय म्हणणार. तोंडे आधीच त्या शब्दाच्या आकाराची झाली होती.

वालुयो म्हणाला, "नाही, पाक."

खिडकीत कोणी तरी श्वास आत घेतला तो बाहेर सोडायला विसरले.

"हजार क्षमा असावी, पाक," तो पुढे म्हणाला. पाठ सरळ होती. "गुण देऊ नका. दाखला देऊ नका. पण हा कान राहिलाय. म्बाहंनी विश्वासानं डोकं दिलं, मी त्यांना असं रस्त्यावर जाऊ देणार नाही. एवढं झालं की ठेवतो."

आणि उत्तराची वाट न पाहता तो डाव्या कानाकडे वळला. पाक सुबेक्ती तसेच उभे राहिले. ते अधिकारी होते. पण तेही कोणा बुदेच्या हाताखाली वाढलेले होते. वडिलांना नाही म्हणायला काय लागते, आणि ते कशासाठी म्हटले गेले, हे ते जाणत होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिले. मग बू रेत्नोंकडे पाहिले. बू रेत्नो छताकडे पाहत होत्या. परीक्षेत गुरूने बोलायचे नसते.

"नियमात फेरपरीक्षा आहे," पाक सुबेक्ती घसा साफ करून म्हणाले. "त्याच दिवशी घेता येते. अमुकच डोकं पाहिजे असं नियमात नाही. उरलेलं चालेल." आणि पुन्हा वेळ लावत ते पुटपुटले, "सुरू करा. म्हणजे... चालू ठेवा."

कान झाला. मानेवरचे केस झटकले गेले. वालुयोने आरसा मागे धरला. म्हाताऱ्याने इकडून पाहिले, तिकडून पाहिले, बराच वेळ पाहिले.

"सार्दीपेक्षा बरं आहे," तो म्हणाला. "पण त्याला सांगू नका, दुखावेल."

टोपी खिळ्यावरून उतरली ती वालुयोने दोन्ही हातांनी, नमस्कार करून उतरवली. ती म्बाह कार्तोंच्या डोक्यावर चढायला आणि वालुयोचे गुडघे वाकायला एकच गाठ पडली. पण आता त्याला कोणी हसले नाही. आता तो वाकत होता, कारण त्याला उभे राहता येत होते.

शुक्रवारी बोट गेली. वालुयो नमाजाला मशिदीत होता, म्हाताऱ्याच्या मागच्याच ओळीत. सारी डोकी एकदम खाली गेली, एकदम वर आली. कोणीही कोणाची क्षमा मागितली नाही. तिथे ती एकालाच मागायची असते. घरी आल्यावर बुदे म्हणाली, "पिशवी धुऊन वाळत घातलीय. आता त्यात कांदे ठेवू या." त्या दोघांच्या मध्ये उपाशी बसलेली गोष्ट त्या दिवशी कांद्यांबरोबर एकदाची वाढली गेली.

आज बाजाराच्या वडाखाली वालुयोचे दुकान आहे. आरशाच्या वर, त्याच्या उंचीहून वीतभर उंच, एक खिळा ठोकलेला आहे. दुकानाची रीतच पडली आहे: आधी टोपी खिळ्यावर, मग डोके हाताखाली. शिक्षक टोपी टांगतो, मोटारसायकलवाला हेल्मेट टांगतो, पाक सुबेक्ती या भागात आले की मुद्दाम थांबतात आणि गळ्यातले ओळखपत्र टांगतात. मीही माझी टोपी टांगून बसतो, आणि खरे सांगतो, ती वर गेली की मान हलकी होते. दर महिन्याला बू रेत्नोंच्या नव्या वर्गातली मुले इथे पाहायला येतात. वालुयो त्यांना म्हणतो, "डोकं वरून दिसतं. झाडावरचं फळ खाली बसून सोलतात का?" मुले इंगिह म्हणतात. मग तो चिडतो. पण त्याचे चिडणेही असे, की शेवटी तोच क्षमा मागतो.

परवा मी पाळीत बसलो होतो, तेव्हा म्बाह कार्तो आले. आता फार थकले आहेत. खुर्चीत बसले, आणि वालुयोने टोपीसाठी हात पुढे केले. टोपी नव्हती. म्हातारा ती घरीच विसरला होता. बोडक्या डोक्याने आला होता, सारा मान आत घेऊन.

वालुयोने खिळ्याकडे पाहिले. खिळा रिकामा. आणि आमच्या डोळ्यांदेखत त्याचे गुडघे हळूहळू वाकू लागले.

"अरे, थांब, थांब," म्हातारा घाईघाईने म्हणाला. त्याने बाजूची छत्री उचलली आणि वालुयोच्या हाती दिली. "ही टांग. पूर्वी राजांचा मान छत्रीतच असायचा. माझाही मावेल."

वालुयोने छत्री खिळ्यावर टांगली, तिला नमस्कार केला, आणि सरळ झाला.